मजकूर आधी तपासून घ्यावा

माझ्या नणंदेने मला सावध केलं होतं, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. नाहीतर ती सांगेल. आणि नुसतं तोंडी नाही, लेखी सावध केलं होतं. मुलगी भिंतीला धरून उभी राहायला लागली होती त्या दिवसांतला तिचा मेसेज अजून माझ्याकडे आहे:

"वहिनी दाराला वरुन एक कडि लाउन घे. भिंगरी आता चालनार. खालचि कडि तिच्या हाताला येइल. आणी तु वाचायला लागलिस कि तुला घर दिसत नाहि."

आता तुम्हीच सांगा, अशा मजकुराकडे शिकल्यासवरल्या माणसाने काय म्हणून लक्ष द्यावं? मी तिला अत्यंत सौम्य शब्दांत उत्तर लिहिलं. 'कडि' नव्हे 'कडी', 'लाउन' नव्हे 'लावून', 'आणी' तर नव्हेच नव्हे. एकेक करत सगळं लिहिलं, आणि वाईट वाटू नये म्हणून शेवटी एक हसरा चेहराही टाकला. कडीबद्दल काही लिहायचं राहून गेलं. त्यावर तिचा एक अंगठा आला. तेव्हापासून ती मला फक्त अंगठेच पाठवते. भिंगरीला दात आले, अंगठा. आमच्या लग्नाचा वाढदिवस, अंगठा. मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा अंगठाच.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण ते नाव ऐकून थांबेल इतका वेळ ती कधी एका जागी नसते.

तर आमच्या इमारतीचा एक ग्रुप आहे. तुमच्याही इमारतीचा असेल. पाणी, लिफ्ट, कचरा, कुणाच्या कुंडीचं पाणी कुणाच्या डोक्यावर, असे जिव्हाळ्याचे विषय तिथे चालतात. मूल झाल्यापासून मी घरातच होते आणि बाहेरचं जग मला दाराच्या फटीतून आणि त्या ग्रुपमधून दिसेल तेवढंच दिसायचं. इतर लोक ग्रुप चाळायचे. मी पहारा द्यावा तसा वाचायचे. इमारतीत कुणाला खोकला झाला की मला त्या माणसाच्या घरच्यांच्या आधी कळलेलं असायचं. भिंगरीला बाहेर न्यायची वेळ आलीच तर टोपी पार नाकापर्यंत ओढून, दुपट्यात गुंडाळून, लिफ्टमध्ये तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबून नेत असे. त्यामुळे तिची टोपी साऱ्या इमारतीच्या ओळखीची होती. चेहरा मात्र फारसा कुणी पाहिला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवात सचिवांपासून झाली. सचिव म्हणजे आमच्या इमारतीचा कारभार पाहणारे गृहस्थ. ते एका खात्यातून निवृत्त झाले, पण ते खातं त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. एका सकाळी त्यांनी ग्रुपवर टाकलं: "सुचना. उद्या टाकि साफ होनार असल्याने पाणि येनार नाहि."

मी स्वतःला आवरलं. खरंच आवरलं. भिंगरीला आंघोळ घातली, कपडे वाळत टाकले, परत येऊन पाहिलं तर ती 'सुचना' तिथेच होती, आणि तिच्याखाली चौदा जणांनी हात जोडले होते. चौदा जणांनी! एकालाही काही खटकलं नाही. मग मी फक्त एक चांदणी काढून पुढे योग्य शब्द लिहिला: "*सूचना". चांदणी म्हणजे दुरुस्ती, हा जगभरचा शिष्टाचार आहे. आमच्या इमारतीला तो ठाऊक नसेल हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

कारण त्यानंतर मी चांदणी दिली ती तळमजल्यावरच्या लोकरकाकूंना. लोकरकाकू स्वेटर विणून विकतात. उजेडासाठी दार सताड उघडं टाकून जिन्यासमोर खुर्चीत बसलेल्या असतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची खबर ग्रुपवर देत असतात. "लिफ्टजवळ कुत्र बसल आहे पन गरिब आहे घाबरु नका." "डॉक्टरांचे कुरीयर माझ्याकडे ठेवले आहे मि दुपारि झोपनार नाहि कधिही या." अशी त्यांची लांबलचक, मायेची आणि चुकांनी नुसती लगडलेली पत्रं. मी त्यातल्या एका शब्दाला चांदणी दिली, तर त्यांचं लगेच उत्तर: "धन्यवाद ताई. मला चांदनि दिलित."

त्यांना ती शाबासकी वाटली होती.

आता 'चांदनि' हाही चुकीचाच शब्द. तो मी सोडायचा कसा? मी लिहिलं, "*चांदणी". त्यांनी पुन्हा आभार मानले. सकाळपासून दुसरी मिळाली म्हणून.

आठवडाभर हे असंच चाललं. मी चांदण्या देत होते आणि काकू खूश होत होत्या. मग कुणीतरी त्यांना चांदणीचा खरा अर्थ सांगितला. कुणी सांगितला मला कळलं नाही, पण त्या दिवसापासून कुत्रं गरीब आहे की कसं, हे ज्याने-त्याने स्वतः पाहावं अशी इमारतीत परिस्थिती आली.

"तुला याचा पगार मिळतो का गं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"भाषेसाठी कुणीतरी उभं राहायला हवं."

"उभी राहा की. पण लोकांच्या पायावर कशाला?"

नवरा हिशेबनीस आहे. त्याला आकड्यात एक शून्य कमी पडलं तर रात्रभर झोप येत नाही, पण वेलांटी इकडची तिकडे झाली तर जांभई येते. या माणसाशी काय वाद घालायचा?

हळूहळू ग्रुप शांत झाला. आधी मोठे मेसेज गेले, मग छोटे, मग नुसते अंगठे, हात आणि फुलं उरली. माझं नाव 'लाल पेन' पडलंय हे मला कचरा न्यायला येणाऱ्या मावशींकडून कळलं. मी मनाला लावून घेतलं नाही. दोन दिवस जेवले नाही नीट, एवढंच.

एकदा तर माझ्याच हातून घाईत 'नमस्कार'चा 'नस्मकार' झाला. मी विजेच्या वेगाने तो पुसला. पण पुसलेल्या मेसेजच्या जागी 'हा मेसेज पुसून टाकला आहे' अशी पाटी राहते, आणि लाल पेनाने स्वतः लिहून स्वतःच पुसावं असं काय लिहिलं असेल, यावर साऱ्या इमारतीने डोकं चालवलं. संध्याकाळपर्यंत असं ठरलं की मी सचिवांच्या सुनेबद्दल काहीतरी लिहिलं होतं. तेव्हापासून ती सून लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभी राहू लागली. मी तिला सांगायला गेले, "अहो, मी फक्त नमस्कार म्हटलं होतं," तर ती म्हणाली, "नमस्कार कुणी पुसतं का?"

आणि मग भिंगरीला ताप आला. हिरड्या लाल, लाळ गळतेय, रडून रडून आवाज बसलेला. नवरा कामावर, आमचे नेहमीचे डॉक्टर फोन उचलेनात. मी ग्रुपवर विचारलं, दात येताना इतका ताप येतो का, कुणाला अनुभव आहे का?

वर लगेच दिसायला लागलं: अमुक लिहीत आहेत. तमुक लिहीत आहेत. सात जण लिहीत होते! माझा जीव भांड्यात पडला. लिहिता लिहिता एक थांबला. पुन्हा लिहायला लागला. दुसरी थांबली. मी भिंगरीला खांद्यावर थोपटत त्या पडद्याकडे बघत होते. लिहीत आहेत, थांबले, लिहीत आहेत, थांबले. एकेक करून सगळे मावळले. आलं कुणाचंच काही नाही.

ते वेलांट्या तपासत होते हो! 'हिरडी'तली पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे ठरेना म्हणून सात संसारी माणसांनी आपापले अनुभव गिळून टाकले.

शेवटी पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आवाजी मेसेज पाठवला. त्यांचा दवाखाना आमच्याच इमारतीत आहे. मागे यंत्र घरघरत होतं, कुणीतरी कण्हत होतं आणि डॉक्टर म्हणत होते, "ताई, खाली घेऊन या तिला, बघून घेतो. लिहायला मला वेळ नाही, आणि छातीही नाही." मी घेऊन गेले. दात येत होते, बाकी काही नव्हतं. डॉक्टरांनी तिची टोपी वर सरकवून तोंडात नीट पाहिलं आणि म्हणाले, "खालच्या दोन दातांत ही एवढी फट! नशीबवान आहे पोर." मला ती फट हे नशिबापेक्षा खर्चाचं लक्षण वाटलं, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांकडे गेले. म्हटलं, ग्रुपवर कुणी लिहीत नाही, हे बरं नाही. उद्या कुणावर प्रसंग आला तर?

"तोंडी काही चालत नाही," सचिव म्हणाले. "अर्ज द्या."

"कशाचा अर्ज?"

"लोक लिहीत नाहीत याचा."

मी अर्ज दिला. त्यावर वाहनतळात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बैठक झाली. बैठकीत पहिल्यांदा अर्धा तास खुर्च्या कुणाच्या आणि त्या परत कोण ठेवणार यावर गेला. मग माझा अर्ज निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीवाल्या बाई म्हणाल्या, चांदण्या बंद करा. डॉक्टर म्हणाले, चांदण्या असू द्या पण चारचौघांत नकोत. सचिवांनी चष्मा पुसला, आणि खात्यातल्या सगळ्या वर्षांचं सार एका वाक्यात आणून ठेवलं: "यापुढे ग्रुपवर टाकावयाचा कोणताही मजकूर आधी ताईंकडून तपासून घ्यावा."

टाळ्या पडल्या. मला गहिवरून आलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "माझी नेमणूक झाली."

तो म्हणाला, "अगं, नेमणूक कसली? इतके दिवस अंगणात ओरडत होतीस, आता तुला आतल्या खोलीत बसवलंय."

मत्सर, दुसरं काय.

पण त्या दिवसापासून माझ्या फोनला विश्रांती मिळाली नाही. सगळी इमारत माझ्याकडे मजकूर पाठवू लागली. 'ताई, तपासा', 'वहिनी, बघून द्या', 'मॅडम, अर्जंट'. भिंगरीला भरवताना एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात इमारतीचं लेखी व्यवहार खातं. नळ दुरुस्त करायला येणारा माणूस बिलसुद्धा आधी मला दाखवू लागला. आणि नवरा! त्याने कामावरून पाठवलं: "मसुदा: आज घरी यायला उशिर होइल. मंजुरी मिळाल्यास तुला पाठवतो." मी दुरुस्त करून दिलं. त्याने ते पाठवलं. मग मला राग आला.

शिवाय नुसत्या वेलांट्या तपासून माझं समाधान होईना. माणसाने हातातलं काम जीव लावून करावं. डॉक्टरांचा मजकूर आला, "तुमच्या कुंडिचं पाणि माझ्या बोर्डावर पडतं, जरा बघा ना." कुंडीवाल्या बाई त्यांच्या दवाखान्याच्या अगदी वरच्या घरात राहतात. मला ते वाक्य फारच मिळमिळीत वाटलं. मी करून दिलं: "आपल्या कुंड्यांमधून अव्याहत ठिबकणाऱ्या पाण्यामुळे माझ्या व्यवसायाच्या फलकाची अपरिमित हानी होत आहे." डॉक्टरांनी विश्वासाने ते टाकलं. त्यावर कुंडीवाल्या बाईंचं उत्तर माझ्याकडे तपासायला आलं: "हो हो बघते, इतक रागवताय कशाला." त्याचं मी केलं: "आपण वापरलेली भाषा आपल्या पेशाला अशोभनीय आहे."

दोघं गेली कित्येक वर्षं एकमेकांना बघून हसत होती. आता जिन्यात आमनेसामने आली.

"अव्याहत काय हो डॉक्टर? मी काय अव्याहत केलं तुमचं?"

"मला विचारू नका, मला तर ते मोठ्याने वाचतासुद्धा येईना! आणि तुम्ही? अशोभनीय? मी तुमची दाढ फुकट काढली होती हो!"

मग दोघांनीही मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. तिथे कठड्याला टेकून मी उभी होते. मी दूध उतू जाण्याच्या निमित्ताने आत गेले. दूध वगैरे काही नव्हतं.

लोकरकाकू मात्र परत लिहायला लागल्या होत्या. नियम सगळ्यात मनापासून पाळला तो त्यांनी. कुत्रं बसलं की आधी मला कळायचं. मी तपासून द्यायचे, त्या ग्रुपवर टाकायच्या. तोवर कुत्रं उठून गेलेलं असायचं, पण मजकूर निर्दोष असायचा.

आणि मग ती दुपार.

त्या दुपारी इमारतीला नुसता ऊत आला होता. टाकी पुन्हा साफ व्हायची होती, लिफ्ट बंद पडली होती, डॉक्टर आणि कुंडीवाल्या बाई माझ्यामार्फत समेट करत होते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. माझ्या मागे फरशीवर भिंगरी डब्यांच्या झाकणांचा पसारा मांडून ती एकमेकांवर आपटत होती. खण्ण, खण्ण. तो आवाज येतोय तोवर मूल मागेच आहे, अशी माझी व्यवस्था होती. फार विचारपूर्वक केलेली व्यवस्था होती. मी सचिवांच्या 'लिफ्ट बंद राहिल'चं 'राहील' करत होते तेव्हा तो आवाज येत होता, हे मी शपथेवर सांगू शकते.

त्यानंतर आणखी पाचसहा मजकूर दुरुस्त करून होतात तोच लोकरकाकूंचा मजकूर आला.

"ताई हे बघा. जीन्यात एक लहाण मुलगि एकटि बसलि आहे. पायात एकच मोजा. हातात डब्याचे झाकन. रडत नाहि. कोनाचि आहे ते क्रुपया सांगा."

वाचून माझ्या काळजाचं पाणी झालं. इतकं लहान मूल जिन्यात! एकटं! आणि हे 'जीन्यात'! मी भराभर कामाला लागले. 'जिन्यात', 'लहान', 'मुलगी', 'एकटी', 'बसली', 'झाकण', 'नाही', 'कोणाची', 'कृपया'. 'पायात एकच मोजा' हे वाक्य मात्र मला फार आवडलं. तसं मी काकूंना कळवलंसुद्धा: "पायात एकच मोजा हे फार चित्रदर्शी झालंय काकू, ते तसंच ठेवा." पण नुसती माहिती देऊन भागणार नव्हतं. मी स्वतः एक आई आहे. माझं रक्त उसळलं होतं. मी शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं: "तान्ह्या लेकरांना असे वाऱ्यावर सोडणाऱ्या पालकांच्या निष्काळजीपणाबद्दल बोलावे तितके थोडेच आहे."

पूर्णविराम दिला. एकदा वाचून पाहिलं. 'निष्काळजीपणाबद्दल' जोडून की तोडून असा क्षणभर प्रश्न पडला; जोडूनच ठेवलं. पाठवून दिलं.

काकूंनी ते ग्रुपवर टाकलं. मी तिथे जाऊन ते पुन्हा वाचलं. खरं सांगते, आमच्या ग्रुपवर इतका घोटीव मजकूर त्याआधी कधी आला नव्हता. कुणाची बरं असेल बिचारी, असं म्हणत मी उत्तरांची वाट पाहत होते. कुंडीवाल्या बाईंनी लिहिलं, "बरोबर आहे, अशा आईला विचारलं पाहिजे." सचिवांच्या सुनेने लिहिलं, "लाज वाटली पाहिजे." दोघींनीही माझ्याकडून तपासून न घेता लिहिलं होतं, पण विषयच तसा होता म्हणून मी क्षमा केली. मी स्वतः त्या दोन्ही उत्तरांना अंगठा दिला.

मग डॉक्टरांचा आवाजी मेसेज आला. जिन्यात घुमत होता. "मी इथेच उभा आहे. टोपी नाही म्हणून ओळखू येत नव्हती, आत्ता हसली तेव्हा दिसलं. खालच्या दोन दातांत फट आहे. अहो, ही आपल्या लाल पेनाची मुलगी!"

कुठे काय ऐकू येत नव्हतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. खण्ण नव्हतं.

मागे वळले. फरशीवर झाकणं होती. एक मोजा होता. आणि दार अर्ध्या हाताएवढं उघडं होतं. खालची कडी एका बाजूला निवांत लोंबत होती.

मी किती पायऱ्या कशा उतरले मला आठवत नाही. चपला नव्हत्या, ओढणी कठड्यात अडकून तिथेच राहिली. खाली निम्मी इमारत जमली होती आणि मधोमध पायरीवर लोकरकाकू बसल्या होत्या. भिंगरी त्यांच्या मांडीवर, हातात लोकरीचा गुंडा. गुंड्याचं टोक काकूंच्या दारातल्या खुर्चीपर्यंत गेलेलं. तिने मला पाहिलं आणि झाकण दाखवलं.

मी तिला ओढून घेतली. तिच्या केसांत तोंड घातलं. आणि मग, आता मला माझंच आश्चर्य वाटतं, मी काकूंवरच ओरडले. "काकू, हाका मारायच्या ना! दारं ठोठावायची ना! लिहीत काय बसलात?"

काकू घाबरल्या. म्हणाल्या, "अगं, मी हिला सोडून उठणार कशी? कुणी खाली येतंय का बघत होते. आणि लिहिलं ते पहिलं तुलाच पाठवलं की. नियम आहे ना तुझा." मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तू वाचशील."

"वाचलं की मी!"

"हो," काकू म्हणाल्या. "छान झालंय म्हणालीस."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सचिवांची सून माझ्याकडे तोंड करून उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी सचिवांनी नियम मागे घेतल्याची सूचना टाकली. म्हणजे 'सुचना' टाकली. तिच्यात इतक्या चुका होत्या की त्यांनी मुद्दाम बसून केल्या असाव्यात. तिच्याखाली फुलांचा नुसता खच पडला. मी ती तीनदा वाचली. अंगठा चांदणीवर जाऊन आला, आणि मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो फोन बाजूला ठेवून भिंगरीच्या पायात दुसरा मोजा घालत बसला, आणि घालून झाल्यावरही पाय सोडेना.

नणंदेला ही बातमी कुणी पोचवली देव जाणे. तिचा अंगठा आला नाही. तिने तोच जुना मेसेज शोधून काढला आणि जसाच्या तसा मला परत पाठवला. "वहिनी दाराला वरुन एक कडि लाउन घे." एक अक्षर बदललं नव्हतं.

या वेळी मी कडी वाचली.

पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट सरळ होत नाही. दाराला भोक पाडायचं तर सचिवांना अर्ज, कारण दाराची बाहेरची बाजू म्हणे सगळ्यांच्या मालकीची. मी म्हटलं कडी आतून आहे. ते म्हणाले भोक आरपार गेलं तर? अर्ज दिला. मंजूर झाला. सुतार आला. शेजाऱ्यांनी उंचीबद्दल सल्ले दिले. डॉक्टर म्हणाले पोर वाढणार, आणखी वर घ्या. कुंडीवाल्या बाई म्हणाल्या आणखी वर, पोरं उड्या मारतात. दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं, त्यामुळे मला मोडवेना. सुतार ठोकून गेला तेव्हा ती कडी अशा उंचीवर होती की भिंगरीचा काय, माझाही हात पोचेना.

म्हणून तिथे एक स्टूल ठेवलंय. ते दारापाशीच असतं. दर वेळी कुठे ओढत बसायचं? भिंगरी दिवसभर ते इकडून तिकडे ढकलत असते. तिला गंमत वाटते, आणि मला त्याचा आवाज येत राहतो. आवाज येतोय तोवर काळजी नाही, अशी मी व्यवस्था केली आहे.

तर ही सगळी हकीकत मी लिहून काढली. टेबलाशी बसून, एकाग्रतेने. दोनदा तपासली. तरी 'निष्काळजीपणाबद्दल' जोडून की तोडून हे एकदा कोशात पाहायला हवं, आणि लोकरकाकूंच्या चुका जशा होत्या तशाच उतरल्यात का तेही. थोडंच राहिलंय. एवढं झालं की मी उठतेच.

फक्त मघापासून स्टुलाचा घर्र घर्र आवाज येत होता, तो आता येत नाहीये. तुम्ही रिकामेच आहात, तेवढं जरा दारापर्यंत जाऊन बघता का? हाका मारा, दार वाजवा, काय वाटेल ते करा. लिहून मात्र पाठवू नका.